मूळ अवयव कसे पाडायचे आणि नेमकं कुठे थांबायचं

७,६४४ चे मूळ अवयव पाडायला सांगितले की हमखास एक उत्तर येतं: २ × २ × ३ × ७ × ९१. गुणाकार करून पाहिला तर तो बरोबर ७,६४४ भरतो, त्यामुळे उत्तर लिहिणारा निर्धास्त असतो. तरीही उत्तर चूक आहे, कारण ९१ म्हणजे ७ × १३. पुढे याच अवयवांवरून मसावि काढला, विभाजक मोजले किंवा वर्गमूळ शोधलं, तर तेही चुकणार.

१ पेक्षा मोठी प्रत्येक पूर्ण संख्या एकतर स्वतः मूळ असते किंवा मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असते. अवयवांचा क्रम सोडला तर ही बांधणी एकाच प्रकारे होते. संख्यांच्या या विटा वेगळ्या करण्यात जे अडखळतात, त्यांचा भागाकार सहसा कच्चा नसतो. ते लवकर थांबतात, किंवा कधी थांबायचं हे माहीत नसल्याने उगाच भाग देत बसतात. खाली दिलेला क्रम याच दोन चुका टाळण्यासाठी आहे.

## टप्पा १: हाताशी मूळ संख्यांची यादी ठेवा

यादीशिवाय सुरुवात करू नका. ‘आठवतील तशा’ मूळ संख्या घेतल्या की १७ किंवा २३ मधेच गळते आणि पुढचं सगळं फसतं. यादी तयार करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

१. कागदावर सहा स्तंभ आखा. पहिल्या ओळीत १ ते ६, दुसरीत ७ ते १२, असं १०० पर्यंत लिहा. दहा स्तंभांचा तक्ता सवयीचा असला तरी इथे सहाचाच घ्या.

२. १ खोडा. ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

३. दुसरा, चौथा आणि सहावा स्तंभ उभाच्या उभा खोडा, फक्त २ ठेवा. तिसरा स्तंभही खोडा, त्यातला ३ ठेवा. २ आणि ३ च्या सगळ्या पटी अशा एका फटक्यात जातात.

४. आता पहिला आणि पाचवा स्तंभ उरला. त्यातल्या ५ च्या पटी खोडा, ५ सोडून: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५.

५. मग ७ च्या उरलेल्या पटी खोडा, ७ सोडून: ४९, ७७, ९१.

झालं. ११ च्या पटी खोडायची गरज नाही, कारण ११ × ११ = १२१ आणि त्याहून लहान पट असेल तर ती आधीच २, ३, ५ किंवा ७ ने खोडली गेलेली असते. हेच कारण पाचव्या टप्प्यात पुन्हा लागेल, म्हणून ते इथेच नीट समजून घ्या.

तपासा: यादीत बरोबर २५ संख्या हव्यात. चोवीस आल्या तर बहुधा २ विसरला आहात. सव्वीस आल्या तर १ किंवा ९१ राहून गेला असेल.

यादीत २ पासून ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांशेजारी त्यांचे वर्गही लिहून ठेवा: ४, ९, २५, ४९, १२१, १६९, २८९, ३६१, ५२९, ८४१, ९६१. बहुतेक जण हे करत नाहीत, आणि थांबायची जागा ठरवायला नेमके हेच वर्ग लागतात.

## टप्पा २: फसव्या संख्या ओळखून ठेवा

काही संख्या दिसायला मूळ वाटतात. विषम असतात, शेवटी ५ नसतो, पाढ्यातही भेटलेल्या नसतात. या पाठ करा असं मी एरवी म्हणणार नाही, पण इतक्या तरी करा:

५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ८७ = ३ × २९, ९१ = ७ × १३, ११९ = ७ × १७, १३३ = ७ × १९, १४३ = ११ × १३, १६१ = ७ × २३, १८७ = ११ × १७, २२१ = १३ × १७, २४७ = १३ × १९, २८९ = १७ × १७, ३२३ = १७ × १९.

यांतली एखादी तुमच्या अवयवांत दिसली की हात तिथेच थांबला पाहिजे.

सावध: ‘साचा’ पाहून संख्या मूळ ठरवू नका. ३ पेक्षा मोठी प्रत्येक मूळ संख्या ६ च्या कोणत्यातरी पटीहून एकने कमी किंवा एकने जास्त असते, हे खरं. सहा स्तंभांच्या तक्त्यात तेच दिसतं. पण उलट विधान खोटं आहे: २५, ३५, ४९ त्याच स्तंभांत बसतात. याहून ठसठशीत उदाहरण हवं असेल तर ३१, ३३१, ३३३१ असं पुढे जा. ३३३३३३३१ पर्यंत प्रत्येक संख्या मूळ आहे. त्यापुढची ३३३३३३३३१ मात्र १७ × १९६०७८४३ निघते. सलग सात वेळा खरा ठरलेला साचा आठव्या वेळी मोडतो. मूळपणा साच्याने ठरत नाही, भाग देऊनच ठरतो.

## टप्पा ३: कसोट्या वापरा, पण त्या काय सांगतात ते विसरू नका

२, ३ आणि ५ च्या कसोट्या सगळ्यांना येतात. खरी गरज ७ पासून पुढे लागते.

- ७: शेवटचा अंक वेगळा काढा, त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. ६३७ साठी ६३ − १४ = ४९. ४९ ला ७ ने भाग जातो, म्हणून ६३७ लाही जातो.
- ११: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करा. त्यांतला फरक ० किंवा ११ ची पट असेल तर भाग जातो. १४३ साठी (१ + ३) − ४ = ०.
- १३: शेवटच्या अंकाची चौपट उरलेल्या संख्येत मिळवा. ९१ साठी ९ + ४ = १३.
- १७: शेवटच्या अंकाची पाचपट वजा करा. ७३१ साठी ७३ − ५ = ६८, म्हणजे १७ × ४.
- १९: शेवटच्या अंकाची दुप्पट मिळवा. २४७ साठी २४ + १४ = ३८.

२३ पासून पुढे सरळ भागाकार करा. तिथे कसोटी आठवण्यापेक्षा भाग देणं लवकर होतं.

सावध: कसोटीत आलेली संख्या भागाकार नसते. ६३७ वर ७ ची कसोटी लावल्यावर ४९ आले, म्हणून पुढची ओळ ‘४९’ लिहिणारे खूप आहेत. खरा भागाकार ९१ आहे. कसोटीतून बाकीही कळत नाही: ७३१ ला ७ ने भागल्यास बाकी ३ उरते, पण कसोटीतल्या ७१ ची बाकी १ येते. कसोटी फक्त ‘भाग जातो’ किंवा ‘जात नाही’ एवढंच सांगते. भाग जातो असं कळलं की प्रत्यक्ष भागाकार करायचाच.

दुसरी सर्रास चूक म्हणजे कसोट्या जोडणं. ३६ ला ४ ने भाग जातो आणि ६ नेही, पण २४ ने जात नाही. ज्या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो, अशा सहमूळ संख्यांच्याच कसोट्या जोडता येतात. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे, त्यामुळे जोड फसली. फक्त मूळ संख्यांनी भाग देत गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

## टप्पा ४: उभी मांडणी करा, लहानापासून मोठ्याकडे

अवयवांचं झाड काढायला मजा येते, पण फांद्या वाढल्या की एखादी फांदी उत्तरात घ्यायची राहते. चार अंकी संख्येपासून पुढे मी उभ्या मांडणीचाच आग्रह धरेन: डावीकडे मूळ भाजक, उजवीकडे संख्या, खाली भागाकार.

नियम दोनच आहेत. एक, यादीतल्या सर्वांत लहान मूळ संख्येपासून सुरुवात. दोन, ज्या संख्येने भाग गेला तिनेच पुन्हा प्रयत्न. भाग जाणं थांबल्यावरच पुढची मूळ संख्या घ्यायची.

७,६४४ घेऊ.

२ | ७,६४४
२ | ३,८२२
३ | १,९११
७ | ६३७
७ | ९१
१३ | १३
  | १

दोनदा २ ने भाग गेला, मग १,९११ विषम आली. अंकांची बेरीज १ + ९ + १ + १ = १२, म्हणून ३ ने भाग गेला. ६३७ च्या अंकांची बेरीज १६, म्हणजे ३ संपला. शेवटी ० किंवा ५ नाही, ५ सुटला. ७ ने भाग गेला, ९१ आले.

घोटाळा होतो तो इथेच. ‘७ झाला, आता ११’ असं म्हणून पुढे गेलं की ९१ ला ११ ने भाग जात नाही, आणि लिहिणारा ९१ ला मूळ म्हणून मोकळा होतो. ७ ने पुन्हा पाहिलं असतं तर १३ मिळाला असता.

लहानापासून जाण्याचा मोठा फायदा असा की मागे वळून पाहावं लागत नाही. ३ ने भाग जाणं एकदा थांबलं की खालच्या कुठल्याही ओळीत तो पुन्हा जाऊ शकत नाही. शिवाय या क्रमाने गेल्यास भाग घालणारी प्रत्येक संख्या मूळच असते. मधेच १२ किंवा २१ ने भागलं तर ही हमी जाते.

## टप्पा ५: थांबायची जागा

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. नियम असा: जिने पुढचा भाग देऊन पाहायचा आहे, त्या मूळ संख्येचा वर्ग उरलेल्या संख्येपेक्षा मोठा झाला, की उरलेली संख्या मूळ आहे. तिथे थांबा.

कारण साधं आहे. उरलेली संख्या संयुक्त असती तर ती किमान दोन अवयवांचा गुणाकार असती. त्या दोघांतला लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही, कारण दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. आणि तेवढ्या लहान मूळ संख्यांनी भाग जात नाही हे तुम्ही आधीच पाहिलेलं असतं.

३,३७० वर लावून पाहा. २ ने भाग दिला, १,६८५. ३ ने जात नाही. ५ ने दिला, ३३७. आता ३३७ ला आणखी ५ ने जात नाही. ७ ने बाकी १, ११ ने बाकी ७, १३ ने बाकी १२, १७ ने बाकी १४. पुढची मूळ संख्या १९, तिचा वर्ग ३६१, तो ३३७ पेक्षा मोठा. थांबा: ३३७ मूळ आहे. म्हणून ३,३७० = २ × ५ × ३३७.

सावध: मर्यादा उरलेल्या संख्येवरून ठरते, मूळ प्रश्नातल्या संख्येवरून नाही. ३,३७० चं वर्गमूळ ५८ च्या आसपास आहे, म्हणून ५३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देत बसणारे पाहिले आहेत. प्रत्येक यशस्वी भागाकारानंतर मर्यादा खाली येते. ४,३८६ मध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं: २ आणि ३ ने भागल्यावर ७३१ उरतात, ५, ७, ११, १३ जात नाहीत, १७ ने भाग जाऊन ४३ उरतात. १७ चा वर्ग २८९, तो ४३ च्या कितीतरी पुढे. ४३ साठी एकही भागाकार करायची गरज नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच होते: ‘२, ३, ५, ७ ने जात नाही, म्हणजे मूळ.’ हे फक्त १२१ पेक्षा लहान संख्यांसाठी खरं आहे. १४३, १८७, २२१ इथेच निसटतात. ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासलंत तर १,३६८ पर्यंतच्या कुठल्याही संख्येचा निकाल लागतो, कारण पुढच्या ३७ चा वर्ग १,३६९ आहे.

## टप्पा ६: ताळा दोन भागांत करा

पहिला भाग: सगळ्या अवयवांचा गुणाकार. ७,६४४ साठी २ × २ × ३ = १२, १२ × ४९ = ५८८, ५८८ × १३ = ७,६४४.

हा भाग एकटा पुरत नाही. २ × २ × ३ × ७ × ९१ चा गुणाकारही तेवढाच भरतो, हे सुरुवातीला पाहिलं. म्हणून दुसरा भाग: प्रत्येक अवयवावर बोट ठेवून विचारा, ‘ही मूळ कशावरून?’ उत्तर ‘यादीत आहे’ किंवा ‘पाचव्या टप्प्याने ठरवली’ यांपैकीच असलं पाहिजे. ‘वाटते’ हे उत्तर नाही.

खात्री वाटत नसेल तर वेगळ्या वाटेने फोडा. ७,६४४ = ८४ × ९१. ८४ = २ × २ × ३ × ७ आणि ९१ = ७ × १३. एकत्र केल्यावर तेच अवयव, तितक्याच वेळा. दोन वाटांनी वेगळी उत्तरं आली तर कुठेतरी नक्की चूक आहे, कारण मूळ अवयवांत मांडणी एकच असते.

अवयवांत १ लिहू नका. १ ला मूळ मानलं तर ६ = २ × ३ = १ × २ × ३ = १ × १ × २ × ३ असं कितीही लांबवता येईल आणि ‘मांडणी एकच’ हा सगळा आधार निघून जाईल. उभ्या मांडणीत तळाशी येणारा १ म्हणजे काम संपल्याची खूण, तो अवयव नव्हे.

उत्तर घातरूपात लिहा: ७,६४४ = २² × ३ × ७² × १३.

## टप्पा ७: अवयवांवरून पुढची उत्तरं

विभाजकांची संख्या. प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा. ७,६४४ साठी (२ + १)(१ + १)(२ + १)(१ + १) = ३६. १ का मिळवायचा? विभाजक तयार करताना २ एकही न घेणं, एक घेणं, दोन घेणं असे तीन पर्याय असतात म्हणून. नुसत्या घातांकांचा गुणाकार ४ येतो, आणि हीच चूक सर्वाधिक दिसते. ज्यांच्यावर घातांक लिहिलेला नाही अशा ३ आणि १३ चा घातांक १ आहे, हेही विसरलं जातं.

पूर्ण वर्ग. सगळे घातांक सम असतील तरच संख्या पूर्ण वर्ग असते. ७,६४४ मध्ये ३ आणि १३ एकेकटे आहेत. ३ × १३ = ३९ ने गुणलं तर २,९८,११६ येतात, म्हणजे ५४६ चा वर्ग. ३९ ने भागलं तर १९६, म्हणजे १४ चा वर्ग.

मसावि आणि लसावि. सोबत ५,१४८ = २² × ३² × ११ × १३ घेऊ. मसाविसाठी फक्त सामाईक मूळ संख्या, लहान घातांकासह: २² × ३ × १३ = १५६. लसाविसाठी दोन्हींपैकी कुठेही असलेली प्रत्येक मूळ संख्या, मोठ्या घातांकासह: २² × ३² × ७² × ११ × १३ = २,५२,२५२.

तपासा: मसावि × लसावि = दोन संख्यांचा गुणाकार. १५६ × २,५२,२५२ = ३,९३,५१,३१२ आणि ७,६४४ × ५,१४८ हेही तितकेच. हा ताळा दोनच संख्यांसाठी चालतो. तीन संख्यांना लावू नका.

## संख्या मोठी असेल तर

हाताने पाच अंकांपर्यंत ही रीत आरामात चालते. दहा अंकी संख्येसाठी मात्र मर्यादा १ लाखाच्या घरात जाऊ शकते, आणि १ लाखाच्या आत ९,५९२ मूळ संख्या आहेत. तिथे हट्ट नको, संगणकाला द्या. संगणकालाही एक सीमा आहे: आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० मध्ये तिच्या दोन मूळ अवयवांत फोडली गेली, आणि त्यासाठी प्रचंड संगणनशक्ती लागली.

मोठ्या संख्यांवर साधं कॅल्क्युलेटर वापरत असाल तर भागाकारात दशांश चिन्ह दिसलं नाही म्हणून भाग गेला असं धरू नका. पडद्यावरचे अंक संपले की पुढचा अपूर्णांक कापला जातो. भागाकाराला भाजकाने हाताने गुणून पाहा. निदान एकक स्थानचा अंक तरी जुळतो का ते बघा.

आणि फक्त मसावि हवा असेल तर अवयव पाडूच नका. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा, मग त्या भाजकाला बाकीने भागा, असं बाकी ० येईपर्यंत करत जा. शेवटचा भाजक म्हणजे मसावि:

७,६४४ = १ × ५,१४८ + २,४९६
५,१४८ = २ × २,४९६ + १५६
२,४९६ = १६ × १५६ + ०

तीन ओळींत १५६. संख्या कितीही अवघड असल्या तरी ही रीत अडत नाही, म्हणून ७,६४४/५,१४८ सारखा अपूर्णांक संक्षिप्त करायला तीच घ्या: अंश आणि छेद १५६ ने भागले की ४९/३३. ४९ = ७² आणि ३३ = ३ × ११, सामाईक मूळ अवयव एकही नाही, म्हणजे यापुढे संक्षेप होत नाही.